एक दिवसाआडचं पाणी

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की होस्टेलवर रात्री जेवणानंतर जीडीची प्रॅक्टिस सुरू होते. गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर विषय निघाला, 'संकटात सापडलेल्या देशापुढची आव्हानं : पर्यावरण, राजकारण आणि अर्थकारण'. सगळे एकदम श्रीलंकेवर तुटून पडले. तशी माहितीही सगळ्यांना चांगली होती. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने कर कमी केले, पाठोपाठ कोविड आला आणि पर्यटन बसलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली आणि भाताचं पीक घसरलं. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबले आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावं लागलं. एकाने मुद्दा छान मांडला. तो म्हणाला, "ही तीन संकटं नाहीत. एकाच दोरीचे तीन पेड आहेत. एक सोडवायला गेलात तर बाकीचे दोन आवळतात."

त्याला टाळ्या मिळाल्या. मग पोरं तोंड धुवायला उठली आणि नळाने नुसता फुस्स आवाज केला. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता.

मित्रांनो, श्रीलंकेची गाठ आपल्याला पाठ आहे, पण आपल्या नळाची गाठ आपण कधी तपासली नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये राहून, चाकणच्या कंपन्यांत इंटर्नशिप करून आपण इंजिनिअर होणार. निदान आपल्या बादलीत येणारं पाणी कुठून येतं, कोणाच्या वाट्याचं येतं आणि वापरून झाल्यावर कोणाकडे जातं, एवढं तरी माहीत असावं म्हणून हा लेख.

पाऊस कमी पडला म्हणून?

पाणी का येत नाही असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, "पाऊस कमी झाला असेल." हे उत्तर इथे लागू पडत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्या वर्षी पाऊस धो धो पडला होता आणि पवना धरण काठोकाठ भरलेलं होतं. म्हणजे धरण भरलेलं आणि नळ कोरडा, असा हा प्रकार. पुढे अनेक पावसाळे आले, धरणं भरली, पण दिवसाआडची पद्धत काही सुटली नाही.

कारण समजून घ्यायचं तर पाण्याची वाट बघावी लागते. पवना धरण मावळात, पवनानगरला आहे. १९७२ च्या सुमारास ते पूर्ण झालं. धरणातून पाणी पाइपने येत नाही. ते पवना नदीच्या पात्रात सोडतात. नदीतून वाहत वाहत ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे पंपाने उचलतात, निगडीला सेक्टर २३ च्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग शहरभर टाक्यांत चढवतात. रावेतला जेवढं उचलता येतं आणि निगडीला जेवढं शुद्ध करता येतं तेवढंच शहराला मिळतं. धरणात किती आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

शहर मात्र थांबलं नाही. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६० नंतर एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथे सुमारे दहा लाख लोक होते, २०११ मध्ये सव्वासतरा लाख. १९९७ मध्ये आसपासची गावं शहरात घेतली. काल जिथे ऊस होता तिथे आज बारा मजली टॉवर आहे. माणसं दुप्पट झाली तरी भिस्त मुख्यतः त्याच एका नदीवर.

थोडं गणित

आकडे पाहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, म्हणून थोडं गणित करू. बातम्यांत धरणाचं पाणी टीएमसीत देतात आणि शहराचं एमएलडीत, म्हणून सगळा घोळ होतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर. एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर.

रावेतला रोज सुमारे ५१० एमएलडी, म्हणजे ५१ कोटी लिटर उचलतात. या वेगाने एक टीएमसी पाणी साधारण ५५ दिवस पुरतं. पवना धरणाची क्षमता साडेआठ टीएमसीच्या आसपास आहे. पावसाळ्यात नदी स्वतःच वाहते, त्यामुळे धरणावरचा खरा भार उरलेल्या आठ महिन्यांचा. २४० दिवस गुणिले ५१ कोटी म्हणजे जवळजवळ ४.३ टीएमसी. धरणाचं निम्मं पाणी एकटं शहर पितं. उरलेल्यात मावळातली शेती, नदीकाठची गावं, तळेगाव, कारखाने आणि उन्हात उडून जाणारं पाणी.

आता माणशी हिशोब करू. पवनेचं, आंद्रा धरणाचं आणि एमआयडीसीकडून घेतलेलं धरून रोज सहाशे एमएलडीच्या आसपास पाणी येतं असं समजा. लोकसंख्या हिशोबापुरती २७ लाख धरा. भागाकार येतो माणशी २२२ लिटर. सरकारी मापदंड आहे १३५ लिटरचा. म्हणजे कागदावर आपण श्रीमंत आहोत!

पण त्यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी गळती आणि अनधिकृत जोडांत जातं. ते वजा केलं की उरतात १३३ लिटर. म्हणजे सगळ्यांना अगदी सारखं वाटलं तरच जेमतेम. आणि सारखं कुठेच वाटलं जात नाही. टाकीजवळच्या सोसायटीला जोरात येतं, शेवटच्या टोकाच्या चाळीला करंगळीएवढी धार येते. सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे, हे स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलं होतंच.

नळ बंद असतो तेव्हा पाइपात काय होतं

दिवसाआड पाणी द्यायचं कारण महापालिकेने सांगितलं ते असं, की अर्ध्या शहराला एका दिवशी पूर्ण दाबाने दिलं तर शेवटच्या टोकालाही पोचेल. हायड्रॉलिक्सच्या दृष्टीने यात तथ्य आहे. पण त्याची किंमतही आहे.

पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आतला दाब वातावरणापेक्षाही कमी होऊ शकतो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय आत येणार ते सांगायला नको. नळ सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येतं ते याचमुळे. आपल्या मेसच्या मावशी पहिली बादली कधीच स्वयंपाकाला घेत नाहीत. त्यांनी फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेलं नाही, पण बरोबर तेच करतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता. पाण्याची चूक थेट आयसीयूपर्यंत नेऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे कळलं की माणूस साठवतो. घराघरात टाक्या, ड्रम, पिंपं. ताजं आलं की काल उरलेलं ओतून देतो. कोणी थेट लाइनला मोटर जोडतो, मग शेजाऱ्याचं पाणी त्याच्या टाकीत. ज्याची ऐपत आहे तो टँकर मागवतो, ज्याची नाही तो रात्री जागतो. टंचाई सगळ्यांवर सारखी आली, पण ती झेलायचा खर्च सारखा नाही. अर्थकारण म्हणतात ते हेच.

नळाचं वरचं टोक : मावळ

मग उपाय काय? धरणातून थेट निगडीपर्यंत बंद पाइपलाइन टाकायची. नदीतून येताना पाणी घाण होणार नाही, जिरणार नाही, चोरी होणार नाही. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून, म्हणजे जेएनएनयूआरएममधून, सुमारे चारशे कोटींची ही योजना आखली गेली आणि २००८ च्या सुमारास काम सुरू झालं. शहराच्या नकाशावर पाहिलं तर योजनेत खोट काढायला जागा नाही.

पण नकाशाच्या वरच्या टोकाला माणसं राहतात. धरणासाठी जमिनी गेल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या. त्यातल्या शेकडो खातेदारांना पर्यायी जमिनीसाठी कित्येक दशकं खेटे घालावे लागले. ज्यांची शेती वाचली ती नदीकाठची, आणि नदीला पाणी आहे म्हणून त्यांच्या मोटरी चालतात. उद्या सगळं पाणी पाइपातून गेलं तर नदीत काय राहणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बऊर गावाजवळ शेतकऱ्यांनी रस्ता रोखला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मारले गेले, त्यात एक महिला होती. कित्येक जखमी झाले. काम थांबलं, सरकारने स्थगिती दिली, आणलेले पाइप पडून राहिले. स्थगिती उठली ती तब्बल बारा वर्षांनी, २०२३ मध्ये, आणि तेव्हाही मावळातून विरोध झालाच. मधल्या काळात सरकारं बदलली. सत्तेतले विरोधात गेले, विरोधातले सत्तेत आले. पाइपलाइन आणि पुनर्वसन दोन्ही होतं तिथेच राहिलं.

तसा हा प्रश्न या डोंगरांना नवा नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. तेव्हा वीज मुंबईला हवी होती, जमीन मावळ्यांची बुडत होती.

पवनेचं अडलं म्हणून शहराने दुसरीकडे पाहिलं. मावळातल्या आंद्रा धरणातून १०० एमएलडी आणि चाकणच्या वर, खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणातून १६७ एमएलडी पाणी मंजूर झालं. आंद्राचं पाणी इंद्रायणीतून निघोजेपर्यंत येतं, चिखलीला शुद्ध होतं. ते २०२३ मध्ये सुरू झालं. भामा आसखेडला मात्र पुन्हा तीच कथा. धरणग्रस्तांनी 'आधी पुनर्वसन' म्हणत जलवाहिनीची कामं वारंवार बंद पाडली. गंमत अशी की याच खोऱ्यातल्या पोरांना चाकणच्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टवर कामं मिळतात. धरणात जमीन गेली, एमआयडीसीत उरलेली गेली, आणि आता त्याच धरणाचं पाणी प्यायला त्यांना शहरात भाड्याने राहावं लागतं.

खालचं टोक : आळंदी आणि त्याच्याही पुढे

आता बादली रिकामी केल्यावरची वाट. आपल्याकडे आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते सगळं प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचत नाही. काही नाल्यांतून थेट पवना, मुळा नाहीतर इंद्रायणीत जातं. चाकण पट्ट्यातल्या झपाट्याने वाढलेल्या गावांत तर ड्रेनेजच्या लाइनीच पुरेशा नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत प्रदूषित नदीपट्टे सर्वात जास्त महाराष्ट्रात होते, एकूण ५५. पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा, भीमा, सगळ्या त्या यादीत.

पाणी किती घाण हे मोजायला बीओडी वापरतात. पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात तो बीओडी. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. कच्च्या सांडपाण्यात तो २०० च्या वर असतो. नदीचं स्वच्छ पाणी १ बीओडीचं धरा. आता एक लिटर सांडपाणी ३ वर आणायला स्वच्छ पाणी किती लागेल? साधं मिश्रणाचं गणित आहे. उत्तर जवळजवळ ९८ लिटर!

वरचं टोक आणि खालचं टोक जोडलं जातं ते इथे. नदीतली घाण पातळ करायला जे स्वच्छ पाणी हवं, तेच तर आपण रावेतला उचलून घेतो. उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या खाली, चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरापुढून जी पवना वाहते तिच्यात धरणाचं पाणी थोडं आणि आपलं सांडपाणी जास्त. मावळातला शेतकरी 'नदीत पाणी ठेवा' म्हणतो ते फक्त त्याच्या उसासाठी नाही. नकळत तो आपल्या नदीसाठीही बोलत असतो.

आळंदीचा पांढरा फेस टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलाय. कपड्यांच्या साबणातली आणि कारखान्यांच्या धुण्यातली रसायनं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. असं पाणी बंधाऱ्यावरून पडलं की हवा मिसळून फेस होतो. वारकरी त्यात स्नान करतात, कारण त्यांच्यासाठी ती इंद्रायणी आहे. त्यात आपल्या होस्टेलच्या शनिवारच्या धुण्याचाही वाटा असू शकतो, हे आपण विसरतो.

आणि कारखाने? मोठ्या कंपन्यांना स्वतःची प्रक्रिया यंत्रणा परवडते. अडचण साखळीच्या शेवटच्या माणसाची आहे. मोठी कंपनी सप्लायरला दरवर्षी 'कॉस्ट डाऊन' मागते, सप्लायर तो पुढच्याला मागतो आणि शेवटी एका गाळ्यातल्या प्लेटिंगवाल्यावर येऊन थांबतो. त्याला पुढे कोणी नाही, फक्त नाला आहे. २०१९ च्या वाहन मंदीत, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जे तगले त्यातले कित्येक असेच खर्च वाचवून तगले. बाइकच्या किमतीत न धरलेला हा खर्च इंद्रायणी भरते.

कारवाई होत नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत भंगार गोदामं आणि छोट्या कारखान्यांची चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली. मे २०२५ मध्ये हरित लवादाच्या आदेशावरून चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. कायद्याने ते बरोबरच होतं. पण ती बांधकामं एका रात्रीत उगवली नव्हती. वर्षानुवर्षं उभी राहत असताना कोणी अडवलं नाही, आणि पाडल्यावर नुकसान झालं ते घर घेणाऱ्याचं आणि गाळ्यातल्या कामगाराचं.

पुढे हे सगळं पाणी भीमेतून उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूर पितं, आणि सोलापूरला तर कित्येक वर्षं तीन-चार दिवसांनी पाणी येत आलंय. आपल्या होस्टेलवर सोलापूरची पोरं कमी नाहीत. ती इथे दिवसाआड पाण्यावर राहतात आणि घरी आई-वडील इथलंच वापरलेलं पाणी शुद्ध करून पितात.

मग दोष कोणाचा?

जीडीत या ठिकाणी एक जण म्हणतो 'राजकारणी', दुसरा म्हणतो 'लोकसंख्या' आणि वेळ संपते. मला वाटतं दोष देण्याआधी गाठ नीट बघावी. गळती चाळीस टक्क्यांवरून वीसवर आणली तर सहाशेचे वीस टक्के म्हणजे रोज १२० एमएलडी वाचतात. म्हणजे आंद्राच्या मंजूर पाण्यापेक्षा जास्त, आणि तेही एकाही शेतकऱ्याची जमीन न घेता. मग हे आधी का होत नाही? कारण जमिनीखालची गळती बुजवली तर तिचं उद्घाटन करता येत नाही. नव्या जलवाहिनीचं करता येतं. शिवाय मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. नळ गेला तर जाब विचारायला वॉर्डात माणूसच नव्हता.

थेट पाइपलाइनला माझा सरसकट विरोध नाही. पण आधी गळती, आधी पुनर्वसन, आणि नदीत किती पाणी राहील याचा लेखी हिशोब, या तीन गोष्टी झाल्या तर मावळातही ऐकणारे भेटतील. बंदुकीने पाणी आणता येत नाही, हे २०११ मध्ये सिद्ध झालंय.

आपल्या हातात काय आहे

भाषण पुरे. लेख लिहायला बसलो त्या आठवड्यात मी आमच्या मजल्यावरच्या एका गळक्या नळाखाली लिटरची बाटली ठेवली. पाच मिनिटांत भरली. दिवसाला २८८ लिटर. मापदंडानुसार दोन माणसांचं पाणी, एका खराब वॉशरमुळे. वॉशर बदलला प्लंबर काकांनी, वेळ लागला दहा मिनिटं.

तेव्हा काही साध्या सूचना. रेक्टर सर आणि इस्टेट विभागाने प्रत्येक मजल्याच्या लाइनला मीटर बसवावा, म्हणजे रात्री दोन वाजता कोणी वापरत नसताना काटा फिरतोय का ते कळेल. फिरत असेल तर गळती. सिव्हिलच्या पोरांनी फायनल इयर प्रोजेक्टला परदेशातला डेटा डाउनलोड करण्यापेक्षा कॅम्पसच्या पाण्याचा ताळेबंद काढावा. आत किती येतं, टँकरने किती, बाहेर किती, नेमकं कुठे. केमिकलवाल्यांनी महिन्यातून एकदा आपल्या मागच्या नाल्याचा बीओडी मोजून नोटीस बोर्डवर लावावा. लॅब आहे, किट आहे, फक्त कोणी सांगितलेलं नाही. आणि आपण सगळ्यांनी, उद्या नोकरीत पर्चेस विभागात बसून 'कॉस्ट डाऊन'चं पत्र टाइप करताना, तो खर्च शेवटी कुठे जाऊन पडेल एवढा एक प्रश्न विचारावा.

परवा पुन्हा जीडी आहे. विषय काहीही निघो, कोणी श्रीलंका काढली की मी विचारणार आहे, "आज पाण्याचा वार आहे का रे?"